वजन काय बघता

नितेश सरांच्या काट्यावर माझं वजन शहात्तर भरलं तेव्हा सर म्हणाले, "दोन किलो कुठे गेले?" आणि त्याच आठवड्यात मुलुंडच्या ट्रस्टच्या काट्यावर तेच शहात्तर भरलं तेव्हा कर्नलसाहेब म्हणाले, "दहा किलो कधी जाणार?" मी तीच, कपडेही जवळजवळ तेच. एकाला मी कमी पडत होते, दुसऱ्याला जास्त होत होते, आणि दोघंही माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते जणू मीच त्यांना फसवलंय.

मी कल्पिता. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. अंधेरीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे आणि गोळा फेकते. गोळाफेक म्हटलं की लोकांच्या मनात काय येतं ते मला चांगलं ठाऊक आहे: जाडी मुलगी, धावता येत नसेल, दिला हातात गोळा. त्यांना एकदा वर्तुळात उभं करायला हवं. चार किलोचं लोखंड मानेला चिकटवून, पाठमोरं सरकत येऊन, एका झटक्यात सोडायचं. त्याला पाय लागतात, पाठ लागते, आणि अंगात वजन लागतं. वजन नसेल तर गोळा तुम्हालाच ओढून नेतो. नितेश सर, आमचे कॉलेजचे कोच, मला पहिल्या वर्षापासून हेच सांगत आले आणि मी इतकी वर्षं इमानानं खात आले. मागच्या वर्षी विद्यापीठाचं सुवर्णपदक आणलं ते असंच.

आता दुसरी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी कोळीवाड्यात मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये समुद्रसुरक्षेची सभा होती. नौदलाची एक अधिकारी बाई आली होती. वयानं माझ्याहून फार तर सहा-सात वर्षांनी मोठी. आमच्याकडे बाईचं कुणी ऐकत नाही असं अजिबात नाही. माझी आय, सोनूबाई, बाजारात पाटी लावून बसली की अख्खा बाजार तिचं ऐकतो. पण त्यासाठी तिला बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. ती बाई मात्र हळू बोलत होती. माइकसुद्धा बाजूला ठेवला. आणि आमचे तांडेल, दर्यात बोट नेणारे, कुणाच्या बापाचं न ऐकणारे, खाली मान घालून ऐकत होते. माझे पप्पाही त्यांच्यातच. मी मागे दाराशी उभी होते. माझं तिथेच ठरलं. मला असं बोलायचं होतं. आवाज न चढवता, आणि समोरच्यानं ऐकायचं.

त्यासाठी हा ट्रस्ट. निवृत्त अधिकाऱ्यांनी मिळून काढलेला. दर वर्षी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मोजकी मुलंमुली निवडतात आणि वर्षभर आपल्याकडे ठेवून घेतात. राहणं, जेवण, अभ्यास, मैदान, मुलाखतीची तयारी, सगळं शिष्यवृत्तीत. मग लष्कराची खरी परीक्षा द्यायची. बाहेरच्या क्लासचं नाव घ्यायची आमची ऐपत नाही आणि घरी राहून तयारी करून पास झालेलं कोळीवाड्यात मी तरी कुणी पाहिलं नाही. म्हणजे मला ही एकच वाट होती. लेखी परीक्षा मी काढली. मुलाखतही काढली. राहिली ती फक्त वैद्यकीय तपासणी, आणि तिलाच मी सगळ्यात कमी घाबरले होते. मी खेळाडू आहे, मला काय होणार?

"तुझ्या उंचीला सहासष्ट," कर्नल दिघे म्हणाले.

"साहेब, मी गोळा फेकते. गोळा फेकणाऱ्यांचं वजन असतंच."

"हो का? थांब हं, खेळाडूंना सवलत आहे आपल्याकडे." त्यांनी चष्मा लावला, नियमांचं पुस्तक उघडलं आणि बोट फिरवलं. माझा जीव भांड्यात पडला. "कुस्ती. मुष्टियुद्ध. शरीरसौष्ठव."

"आणि गोळाफेक?"

त्यांनी पान उलटून मागची बाजूसुद्धा पाहिली. माणूस सभ्य. "गोळाफेक यादीत नाही, बेटा. सहा आठवडे देतो. वजन उतरवून ये."

हे त्यांनी इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला "थँक यू" म्हणावं लागलं.

सहा आठवडे, आणि पाचव्या आठवड्यात विद्यापीठाचे सामने. सरांना त्या दिवशी मी अठ्ठ्याहत्तर किलोची हवी होते.

"सैन्य कुठे पळून जातंय का?" सर म्हणाले. "पुढच्या वर्षी जा."

"ट्रस्ट शेवटच्या वर्षालाच घेतो, सर."

"आणि विद्यापीठाचं मैदान काय, तू म्हातारी झाल्यावर मिळणारेय? तुझंही हे शेवटचंच वर्ष आहे. कॉलेजनं तुझ्यासाठी काय काय केलं ते विसरलीस? हजेरीला कोण भांडलं तुझ्यासाठी?"

सर भांडले होते. हेच तर. सरांचं खरं होतं, कर्नलसाहेबांचंही नियमाप्रमाणे खरं होतं, आणि मधल्या मधे माझी वाट लागली होती. चुकीच्या माणसावर रागावणं सोपं असतं. इथे कुणी चुकीचंच सापडेना, म्हणून मी सगळ्यांवर चिडत होते, रिक्षावाल्यांवरसुद्धा.

घरी तर आणखीच मजा. आमच्या आळीत बोट बंदराला लागली की मासळीचे वाटे पडतात. मालकाचा, खलाशांचा, जाळ्याचा, देवाचा. मागच्या वर्षी पदक आणलं तेव्हा तांडेलांनी ठरवलं की पोरीचाही एक वाटा निघाला पाहिजे. गोळासुद्धा त्यांनीच मिळून घेऊन दिलेला, माझा स्वतःचा, कॉलेजचा नव्हे. तेव्हापासून कुठल्या ना कुठल्या बोटीचा वाटा रोज आमच्या दारात. आणि वाटा परत करायचा नसतो. परत केला तर त्या बोटीच्या जाळ्याला खोट लागते असं आमच्याकडे मानतात. म्हणजे मी सुरमई नको म्हणायचं आणि समोरच्याची बोट रिकामी यायची. एवढं पाप कोण डोक्यावर घेणार?

"खा गो," आय म्हणायची. "लोकांनी काय म्हून दिलाय? फेकायला अंगात बल नको?"

"आय, मला वजन कमी करायचंय."

"कोन म्हनतो?"

"मिलिट्रीवाले."

"मिलिट्रीत काय पोरांना उपाशी ठेवतात? मना तर कलत नाय." आणि ताटात आणखी एक तुकडी.

आयला वजन ही गोष्टच पटत नाही. ती काटा वापरत नाही. पाटीवर वाटे लावते, डोळ्यानं. कुणी नवीन गिऱ्हाईक किलोचा भाव विचारायला लागलं की तिचं ठरलेलं असतं. मासा उचलते, कल्ला उघडून त्याच्या नाकासमोर धरते आणि ओरडते, "वजन काय बगतंस, माल बग!" गिऱ्हाईक घाबरून घेतंच.

तर मी चोरून उपाशी राहायला लागले. ताटातली मासळी रुमालात, रुमालातून मागच्या दारी मांजरांना. मांजरं दिसामाशी गुबगुबीत झाली. एक दिवस आयनं मला पकडलं. ती ओरडली नाही, आणि आय ओरडत नाही तेव्हा फार वाईट वाटतं.

"दर्यावर जीव टाकून आनलेला वाटा," ती म्हणाली, "मांजराला?"

मी रडले. भुकेनं रडले, रागानं रडले, आणि मग सगळं तिला नीट समजावून सांगितलं. यादी, काटा, सर, कर्नल. आयनं ऐकून घेतलं. तिला यादी पटली नाही, पण मी रडतेय हे पटलं. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या बाजूनं झाली, आणि ते जास्त धोक्याचं निघालं.

"पानी काढायचा," ती म्हणाली. "ओला बोंबील केवढा, नि सुकला की केवढा ऱ्हातो? अंगात समदा पानीच असतो."

बोंबील वाळत घालतात त्या बांबूंच्या रांगेशेजारी तिनं मला बोटीवरच्या निळ्या ताडपत्रीत गुंडाळून भर उन्हात बसवलं. हसू नका. पैलवानसुद्धा असं काही करतात हे मी इंटरनेटवर वाचलं होतं, म्हणून मीही बसले. डोक्यावर कावळे, बाजूला बोंबील, मध्ये मी. येणारीजाणारी बायकामाणसं विचारत, "काय गो सोनू, पोरगी कवा सुकंल?" संध्याकाळी उठले तर डोळ्यांसमोर अंधारी आली. दीड किलो उतरलं होतं. रात्री पाणी प्यायले, सकाळी सगळं परत.

मग रीतसर उपास. उकडलेली कडधान्यं, काकडी, ताक. वाटा आता आय शेजारणीकडे शिजायला द्यायची, म्हणजे परतही जात नव्हता आणि माझ्या पोटातही येत नव्हता. वजन खरंच उतरायला लागलं. आणि वजनाबरोबर फेकही. सर टेप पसरून अंतर वाचायचे आणि काही न बोलता टेप गुंडाळायचे. मला वाटायचं, शिव्या तरी घाला.

सामन्याच्या दिवशी गोळा मानेवरून सुटला तेव्हाच कळलं. गोळ्याच्या मागे काहीच नव्हतं. तीनही फेकी तशाच. घाटकोपरच्या कॉलेजची गंधाली, जिला मी मागच्या वर्षी मीटरभर मागे टाकलं होतं, ती पहिली आली. मी दुसरी. बक्षिसाच्या स्टँडवरून उतरताना तिनं माझा हात धरला आणि अगदी मनापासून विचारलं, "आजारी होतीस का गं?"

आजारी! मला तिथेच तिच्या पायावर गोळा टाकावासा वाटला. बिचारीचा काय दोष? पण वाटला.

त्या संध्याकाळी वजन एकाहत्तर होतं. सुवर्णपदक गेलं होतं आणि पाच किलो अजून शिल्लकच होते. आठवडा उरला होता. दोन्हीकडे थोडं थोडं देऊन मी दोन्हीकडून हरत होते. जिमखान्याच्या पायरीवर बसले होते, तिथे सर येऊन बसले. मग म्हणाले, "त्या यादीत काय काय आहे म्हणालीस?"

"कुस्ती, मुष्टियुद्ध, शरीरसौष्ठव."

"कुस्ती," सर म्हणाले. "शुक्रवारी बोरिवलीला आंतरकॉलेज कुस्ती आहे. मुलींच्या सगळ्यात वरच्या वजनगटात कुणी येतच नाही. नाव देतो तुझं."

"सर, मला कुस्तीतलं ओ का ठो कळत नाही."

"कळायची गरज नाही. फक्त उभी राहा."

मी उभी राहिले. कुणाचा तरी मागून आणलेला कुस्तीचा पोशाख घालून, श्वास रोखून, कारण श्वास सोडला तर शिवण सुटली असती. समोरच्या बाजूचं नाव पुकारायचं तर नावच नव्हतं. पंचांनी थोडं इकडे तिकडे पाहिलं आणि माझा हात धरून वर केला. दोन-चार टाळ्या पडल्या. सुवर्णपदक. वर्षानुवर्षं पहाटे उठून, हाताची कातडी सोलवटून घेऊन मिळवलेल्या पदकाला यादीत जागा नव्हती, आणि हे, ज्यासाठी मी कुणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं, ते मात्र चालणार होतं. सर खूश. मी पदक आणि प्रमाणपत्र पिशवीच्या तळाशी कोंबलं.

"कोनाला पाडलंस?" आयनं घरी विचारलं.

"कुणालाच नाय."

"मंग पदक कसला?"

ती पुन्हा विचारेल म्हणून मी लवकर झोपले.

मुलुंडला जाताना सरांचा फोन आला. "विचारलं तर नुसतं हसायचं. खोटं बोलायचं नाही, पण जास्त बोलायचंही नाही. कळलं?" कळलं.

ट्रस्टच्या तपासणीच्या खोलीत डॉक्टर शर्मिष्ठा म्हणून एक बाई होत्या. त्यांनी काट्यावर उभं केलं. एकाहत्तर. शेजारच्या टेबलाशी कर्नलसाहेब बसले होते. त्यांनी आकडा ऐकून मान हलवली. मग मी प्रमाणपत्र पुढे ठेवलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा! कुस्ती! हे आधी नाही का सांगायचंस? हे यादीत बसतं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. खरोखर आनंद झाला होता त्यांना, उगाच कशाला नावं ठेवू. आणि लिहिता लिहिता, सहज, गप्पा मारल्यासारखं विचारलं, "किती कुस्त्या झाल्या तुझ्या?"

नुसतं हसायचं होतं. मी तोंडही हसायला उघडलं.

"एकही नाही, साहेब."

पेन थांबलं.

"समोर कुणी आलंच नाही. मी नुसती उभी होते. मला कुस्ती येत नाही. मी गोळा फेकते."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. प्रमाणपत्राची सरळ घडी घालून माझ्याकडे सरकवलं. "खरं बोललीस हे चांगलं केलंस. पण आता हे मला धरता येणार नाही, बेटा. नियम आहे."

तोच आवाज. मऊ, सभ्य, हळू. दोन वर्षं मी ज्या आवाजाच्या मागे लागले होते तो हाच. आणि त्या क्षणी मला त्याची इतकी चीड आली! ह्या माणसाला आयुष्यात कधी ओरडावंच लागलं नव्हतं. त्यानं काहीही म्हणावं आणि समोरच्यानं थँक यू म्हणावं. सहा आठवडे मी प्रत्येकाशी हळूच बोलत होते. येस सर, हो साहेब, नको आय. कुणी ऐकलं?

"वजन काय बघता?" मी ओरडले. "माल बघा!"

आवाज आयचा होता. बाजारातला, बेंबीच्या देठापासूनचा. बाहेर बाकावर बसलेली मुलं उठून उभी राहिली. मला थांबताच येईना.

"काटा बघता, यादी बघता, माणसाकडे एकदा तरी बघितलंत का? हा दंड बघा. हे पाय बघा. जिना चढायला लावा, पळायला लावा, काय हवं ते करा आणि मग सांगा मी चालत नाही म्हणून! कुस्तीला एकही पोरगी समोर आली नाही तर मी चालते, आणि गोळ्याला अख्ख्या विद्यापीठात दुसरी आले तर चालत नाही? कुणी केली ही यादी?"

आता संपलं, असं मला वाटलं. रडायचं नाही एवढं मी ठरवलं.

डॉक्टरबाई फिसकन हसल्या. मग त्यांनी टेबलाच्या खणातून मापाची टेप काढली. "ये इकडे," म्हणाल्या. कंबर मोजली. दंडाला, पोटऱ्यांना चरबी मोजायचा चिमटा लावून पाहिला. बाहेरचा जिना वरखाली पळायला लावून नाडी बघितली, थोड्या वेळानं पुन्हा बघितली. आणि म्हणाल्या, "सर, ही चरबी नाही. हे सगळे स्नायू आहेत. मी तसं लिहून देते."

कर्नलसाहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. म्हणाले, "ट्रस्टच्या यादीपुरतं मी बघून घेतो. घेतो तुला."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी हात वर केला.

"पण ऐक. आणखी वर्षानं तुझी तपासणी दुसरीकडे होईल. तिथे मी नसेन, डॉक्टरबाई नसतील. तिथे ओरडून चालेल असंही मी सांगू शकत नाही. म्हणून इथे पाऊल ठेवलंस की गोळा बंद. पूर्ण बंद. राहिलेले पाच किलो उतरवायचे आणि परत चढू द्यायचे नाहीत. कबूल असेल तर सही कर."

त्यांचं बरोबर होतं. पुन्हा. सगळे सतत बरोबरच असतात.

"येस सर," मी म्हणाले. आवाज इतका हळू निघाला की त्यांना पुन्हा विचारावं लागलं.

नितेश सरांना फोन केला. त्यांनी अभिनंदन केलं, मनापासून केलं, आणि मग म्हणाले, "म्हणजे आता सराव नाही." "नाही, सर." "बरं," म्हणाले. पप्पांनी बोटीवर पेढे नेले. तांडेलांनी आमची पोरगी अधिकारी होणार म्हणून सगळ्या बंदराला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या दुप्पट वाटा पाठवला. शेजारीण आता आम्हाला बघून दार लावून घेते.

जायला अजून महिना आहे. गोळा कपाटाखाली पडून होता. आत-बाहेर करताना पायाला लागायचा आणि दर वेळी माझं डोकं फिरायचं. मिळालं ना सगळं, मग हा राग कशाचा? पण राग जात नव्हता. शेवटी मी तो आयला देऊन टाकला. म्हटलं, टाक कुठे तरी, मला दिसायला नको.

काल बाजारात गेले होते, आयचा डबा द्यायला. वारं सुटलं होतं. तिनं पाटीवरच्या मासळीवर प्लास्टिक घातलं होतं आणि ते उडू नये म्हणून मधोमध गोळा ठेवला होता. तेल लावून, पुसून, चकचकीत. एक बाई वाटे बघत उभी होती. तिनं गोळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "मावशी, हे किती किलोचं माप?"

आय ओरडेल असं मला वाटलं. ती ओरडली नाही. तिनं गोळ्यावर हात ठेवला.

"माप नाय तो," ती म्हणाली. "माज्या पोरीचा गोला हाय."

मी डबा शेजारच्या पाटीवर ठेवला आणि तिला न भेटताच परत फिरले.